जटांचा भार

दक्षाच्या यज्ञाची कथा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. सतीने यज्ञमंडपात देह ठेवल्याची वार्ता कैलासावर पोहोचली, तेव्हा शंकराने संतापाच्या भरात आपल्या मस्तकावरील एक जट उपटली आणि ती भूमीवर आपटली. त्या आघातातून वीरभद्र प्रकट झाला. पुराणकाराने एका जटेतून एवढा अक्राळविक्राळ गण उभा केला. रंगभूमीवर काम करणाऱ्या माणसाचे मात्र नेमके उलट असते. त्याच्यापाशी वीरभद्र म्हणून उभा राहणारा एखादा सडपातळ तरुण आयता असतो, आणि त्याच्यासाठी जटा निर्माण करावयाच्या असतात. मुखवट्याच्या या जटा फेसाळ रबराच्या कशा ओताव्या, कशा रंगवाव्या आणि त्या तशा का कराव्या, हे आज मला सांगावयाचे आहे.

विषय किरकोळ आहे असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. मलाही तसेच वाटत असे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही रायपुरातल्या काही हौशी मंडळींनी दक्षयज्ञावर एक लहानसे नाटक बसविले होते. वीरभद्राचा मुखवटा कागदाच्या लगद्याचा केला. जटांसाठी बाजारातून वाख आणला, तो काजळीत आणि सरसात बुडविला, पीळ देऊन वाळविला आणि मुखवट्याला घट्ट बांधून टाकला. लांबून पाहता जटा मोठ्या भयानक दिसत होत्या, आणि आम्ही स्वतःवर खूष होतो. प्रयोगाच्या रात्री घामाने सरस सुटू लागला, वाखाने पाणी धरले आणि मुखवट्याचा तोल पुढे गेला. दुसऱ्या प्रवेशात वीरभद्राला मान वर करता येईना. यज्ञकुंडाची पायरी त्याला दिसली नाही आणि तो अडखळून पडला. प्रेक्षकांना ते तांडवच वाटले व त्यांनी टाळ्या दिल्या. आत आल्यावर मुखवटा काढला, तेव्हा त्या मुलाच्या कपाळावर दोरीचा लाल वळ उठला होता, आणि पुढे चार दिवस त्याची मान वळत नव्हती. जटांना भार असतो, आणि तो कोणाच्या तरी मानेवर पडतो, ही गोष्ट त्या रात्री मला प्रथम कळली.

खरे म्हणजे ती कळावयास रायपुरात राहणाऱ्याला एवढा उशीर लागू नये. भोसल्यांच्या अमलापासून, म्हणजे अठराव्या शतकात बिंबाजी भोसले रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले तेव्हापासून, मराठी माणूस या मुलुखात आहे, आणि आपल्या नाटकाची हौस त्याने येथेही जपली आहे. परंतु येथल्या भूमीचे स्वतःचे नाट्य नाचाचे. चार वाद्ये, थोडा रंग आणि भोवती बसलेले गाव एवढ्यावर रात्र जागविणारे ते नाट्य आहे. याच रायपुरात १९२३ साली जन्मलेल्या हबीब तन्वीरांनी १९५९ मध्ये ‘नया थिएटर’ स्थापिले, आणि पुढे छत्तीसगडच्या नाचातील कलावंतांना घेऊन १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ रंगभूमीवर आणले. ज्यांनी ते नाटक पाहिले त्यांना स्मरत असेल की, त्यातला नट अंगावर ओझे वागवीत नाही. म्हणूनच तो इतका मोकळा दिसतो. मुखवट्याच्या नाट्याला हा मोकळेपणा सहजासहजी लाभत नाही. पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या भागात वारली, कोकणा आदी समाजांतील लोक बोहाड्याचे उत्सव करतात. त्यात देवांचे आणि दैत्यांचे मोठमोठे मुखवटे चढवून माणसे वाद्यांच्या तालावर नाचतात. तो मुखवटा पेलून नाचणे ही एक साधनाच असते. हौशी नटाजवळ ती साधना नसते. त्याच्यापुरता तरी मुखवटा हलका करणे हे करणाराचे काम आहे.

किती हलका, याचा थोडा हिशेब पाहू. एक जट ४० सेंटिमीटर लांब, मुळाशी ३ सेंटिमीटर जाड आणि टोकाला निमुळती, म्हणजे साधारण शंकूच्या आकाराची धरली, तर तिचे घनफळ सुमारे ९४ घन सेंटिमीटर भरते. ती भरीव रबराची ओतली, तर तिचे वजन ९० ग्रॅमच्या आसपास होईल. भरघोस मुखवट्याला अशा ४० जटा लागतात, म्हणजे नुसत्या जटांचेच वजन साडेतीन किलो झाले. माणसाचे मस्तक साडेचार-पाच किलोंचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे नटाच्या मानेवर आपण जवळजवळ दुसरे डोके ठेवीत आहो हे उमगेल. तीच जट मऊ फेसाळ रबराची केली, आणि तिला वरून पातळ रबराची त्वचा दिली, तर ती १० ग्रॅमच्या घरात येते. ४० जटा अर्ध्या किलोच्या आत बसतात. अशा फेसाच्या शंभर भागांतील नव्वदांहून अधिक भाग निव्वळ हवा असते. आपण ओततो ते बहुतांशी वारेच.

हा फेस करण्याची विद्या फार जुनी नाही. १९२९ साली इंग्लंडात डनलॉप कंपनीच्या प्रयोगशाळेत रबराचा चीक घुसळून त्याचा फेस करण्यात आला आणि तो फेस साच्यात घट्ट करण्याची रीत निघाली. गाद्या-उशांसाठी निघालेली ही वस्तू लवकरच चित्रपटांच्या रंगभूषाकारांनी उचलली. १९३९ च्या ‘विझर्ड ऑफ ऑझ’मध्ये नटांच्या तोंडावर फेसाळ रबराचे अवयव चढविलेले होते. १९६८ च्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’साठी जॉन चेंबर्स यांनी नटांचे वानर केले, आणि त्या कामाबद्दल त्यांना खास ऑस्कर देण्यात आले. १९८७ च्या ‘प्रिडेटर’ या चित्रपटात स्टॅन विन्स्टन यांनी जो परग्रहावरचा शिकारी घडविला, त्याच्या मस्तकावर रबरी जटाच लोंबत होत्या. एका रास्ताफारी योद्ध्याचे चित्र पाहून ती कल्पना त्यांना सुचली असे सांगतात. जमैका बेटावरचे रास्ताफारी पंथाचे लोक जटा राखतात, आणि १८४५ पासून त्या बेटावर मजुरीसाठी नेल्या गेलेल्या हिंदी लोकांच्या साधूंचा त्यामागे प्रभाव असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ते खरे असेल, तर शंकराची जट फार लांबचा प्रवास करून रबराच्या रूपाने आपल्याकडे परत आली म्हणावयाची.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पहिले काम पाहण्याचे. जट म्हणजे दोरी नव्हे. केसाच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म खवले असतात. केस विंचरले नाहीत म्हणजे गळालेले केस तेथेच अडकतात, खवले एकमेकांत गुंततात, त्यांत तेल व धूळ बसते आणि हळूहळू त्याचा नमद्यासारखा घट्ट गोळा होतो. म्हणून खरी जट मुळापासून टोकापर्यंत सारखी नसते. कोठे ती फुगलेली, कोठे आवळलेली, कोठे दुसरीला चिकटून दुभंगलेली असते. नवशिका शाडूच्या मातीचे ४० सारखे शेव वळतो आणि मग त्याच्या वीरभद्राच्या डोक्यावर गाजरे लटकल्यासारखी दिसतात. मी पाच निरनिराळे नमुने करावे असे सांगेन. दोन लांब, दोन मध्यम आणि एक आखूड असावा. प्रत्येकाच्या आठ प्रती ओतल्या की ४० जटा होतात, आणि मुखवट्यावर त्या फिरवून-वळवून बसविल्या की कोणती कोणाची जुळी हे प्रेक्षकाला ओळखता येत नाही. शाडू ओली असतानाच तिच्यावर जुन्या फणीने लांब, वाकड्या रेघा ओढाव्या. पुढे रंग या रेघांतच बसणार असतो.

नमुना निम्मा मातीत रुतवून त्याच्यावर प्लॅस्टरचा अर्धा साचा घ्यावा, मग उलटून दुसरा अर्धा घ्यावा. दोन्ही भाग नेमके जुळावे म्हणून काठावर दोन-तीन खळगे ठेवावे, आणि टोकाशी हवा निघून जाण्यास बारीक छिद्र ठेवावे. हे साचे उन्हात पुरते वाळू द्यावे. येथे घाई करणाऱ्याची पुढची सर्व मेहनत वाया जाते.

यापुढे दोन मार्ग आहेत. चित्रपटांच्या कार्यशाळांत रबराच्या चिकाचाच फेस करतात. चिकात साबणासारखे फेस आणणारे द्रव्य, गंधकयुक्त पक्व करणारे द्रव्य, आणि शेवटी तो थिजविणारे द्रव्य घालतात. घुसळून तो चार-पाच पट फुगवितात, मग गती मंद करून मोठे बुडबुडे मोडतात, आणि साच्यात भरून उकळत्या पाण्याहून थोड्या कमी उष्णतेच्या भट्टीत काही तास भाजतात. हा फेस अतिशय मुलायम होतो, परंतु त्याला खास भट्टी लागते. स्वयंपाकाची भट्टी या कामी कधीही वापरू नये, कारण गंधकाचा वास आणि अंश तिच्यात राहतो. हौशी मंडळींसाठी दुसरा मार्ग बरा. त्वचा रबराच्या चिकाची आणि आतला गाभा पॉलियुरेथेन नावाच्या, न भाजता आपोआप फुगणाऱ्या फेसाचा.

त्वचेसाठी रबराचा चीक घ्यावा. हा चीक मुख्यत्वे केरळातून येतो आणि तो टिकावा म्हणून त्यात अमोनिया घातलेला असतो. त्याच्या तिखट वासाने डोळे चुरचुरतात, म्हणून काम उघड्यावर करावे. चिकात पाण्यात मिसळणारा रंग थोडा घालावा. ओला चीक दुधासारखा पांढरा असतो, वाळताना पांढरेपणा जातो आणि रंग गडद होतो. म्हणून हवा त्यापेक्षा रंग फिकाच कालवावा. साच्याच्या दोन्ही अर्ध्या भागांत चिकाचे तीन हात द्यावे आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. सच्छिद्र प्लॅस्टर चिकातले पाणी शोषून घेते, त्यामुळे त्वचा सुरेख बसते. साचा सुटावा म्हणून तेल किंवा व्हॅसलीन लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. तेल हे नैसर्गिक रबराचे वैरी आहे. त्याने रबर फुगते आणि कुजते. तांबेही तसेच वैरी, म्हणून गाभ्यात तांब्याची तार घालू नये. साच्याच्या काठांवर मात्र मेण घासावे, म्हणजे बाहेर आलेला फेस तेथे चिकटत नाही.

त्वचा वाळली की जटेच्या लांबीचा सुताचा जाड दोर आत ठेवावा आणि मुळाशी त्याला गाठ मारून बोटभर दोर बाहेर सोडावा. फेसाळ रबर मुळाशीच फाटते. ओढ पडते ती दोरावर पडावी, रबरावर पडू नये, हा यामागील हेतू. दोन्ही भाग जुळवून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी साचा आवळून बांधावा आणि रुंद तोंड वर करून उभा ठेवावा. आता फेसाची दोन द्रव्ये सांगितलेल्या प्रमाणात मोजून एकत्र करावी आणि झपाट्याने ढवळावी. त्यांची गाठ पडताच आत वायू निर्माण होतो आणि मिश्रण वर येऊ लागते. ते फुगू लागण्यापूर्वीच, पातळ असताना, साच्यात उतरले पाहिजे. नाही तर ते वाटेतच अडते आणि टोक पोकळ राहते. साचा काठोकाठ भरावयाचा नसतो. द्रव्य किती पट फुगते हे आधी एका पेल्यात पाहून त्या मानाने थोडेच ओतावे.

येथे रायपूरच्या हवेचा विचार करावा लागतो. मे महिन्यात येथे पारा ४४-४५ अंशांवर चढतो. उष्णतेने ही क्रिया फार वेगाने होते, आणि ओतण्यास मिळणारा वेळ आणखी आखडतो. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे करावे. पावसाळ्यात अडचण उलटी असते. फेस फुगतो तो पाण्याच्या अंशामुळे. हवेतील दमट अंश द्रव्यात शिरला म्हणजे प्रमाण बिघडते आणि फेस खरबरीत व कमकुवत होतो. डबे काम संपताच घट्ट बंद करावे. दसऱ्याच्या नाटकाच्या जटा श्रावणात ओतावयास घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

फेस आवळला की साचा उघडावा आणि जट हलक्या हाताने, शंखजिऱ्याची पूड उडवीत उचलावी. ती ताजी असतानाच हाताने सर्व बाजूंनी दाबून घ्यावी. आतल्या बंद बुडबुड्यांची तोंडे त्यामुळे उघडतात. न दाबल्यास आतली हवा निवून जट सुरकुतते. सांध्यावरची शीर कात्रीने कापावी आणि तेथे चिकाचा एक हात द्यावा.

आता रंग. जट काळी असते हा आपला भ्रम आहे. उन्हापावसातली जट पिंगट असते. मुळाशी ती गडद, मध्ये तपकिरी, टोकाला तांबूस, आणि तिच्यावर राखेची व धुळीची करडी झाक असते. साधा तैलरंग येथे चालत नाही. जट वाकली की तो तडकतो, आणि त्यातील तेल रबर खाते. रंग रबरासारखाच ताणला गेला पाहिजे, म्हणून तो चिकातच कालवून लावावा. प्रथम काजळीसारखा गडद, पाण्यासारखा पातळ हात सर्वत्र फिरवून लगेच फडक्याने पुसावा. फणीने ओढलेल्या रेघांत काळिमा राहतो आणि उंचवटे मोकळे होतात. तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर काव आणि पिवडीच्या छटा ओढाव्या. शेवटी राखाडी रंगाचा पुसट स्पर्श टोकांना द्यावा. रंगमंचाचा पिवळा प्रकाश निळ्या छटा मारून टाकतो आणि तांबूस छटा उजळवितो, म्हणून दिवसाच्या उजेडात जट थोडी मळकट दिसली तरी चिंता करू नये. वाळलेले रबर स्वतःला चिकटते. त्यावर पुन्हा शंखजिरे उडवावे.

जटा मुखवट्याला बांधू नयेत, हे माझे अनुभवाचे सांगणे. डोक्याला बेताची बसणारी कापडी टोपी शिवावी, तिच्यात भोके पाडून दोरांच्या गाठी आतून शिवून टाकाव्या, आणि मुखवटा त्या टोपीला अडकवावा. भार मग कपाळावर न येता सर्व मस्तकावर वाटला जातो. लांब जटा मागे, आखूड पुढे ठेवाव्या. डोळ्यांसमोर आणि नाकासमोर एकही येऊ देऊ नये. अशा जटा नटाने मान फिरविताच किंचित उशिराने फिरतात, आणि त्या उशिरातच मुखवट्याला जीव येतो.

या कामात धोके आहेत, ते स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. पॉलियुरेथेनच्या दोन द्रव्यांपैकी एकात आयसोसायनेट असते. त्याच्या वाफेने दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वाफेनेही तो उसळतो. म्हणून मोकळी हवा, हातमोजे आणि चष्मा ही वैकल्पिक नव्हेत, आणि शाळेतील मुलांच्या हाती ही द्रव्ये कदापि देऊ नयेत. काहींना रबराच्या चिकाचेच वावडे असते; नटाच्या मनगटावर तयार तुकडा बांधून आधी पाहावे, आणि पूर्वी त्रास झाला असल्यास ते रबर त्याच्याजवळ आणूच नये. सर्वांत मोठा धोका विस्तवाचा. हा फेस झपाट्याने पेटतो, आणि त्याचा धूर विषारी असतो. आपल्याकडे मुखवटा आणि मशाल यांचे नाते जुने आहे. दसऱ्याला तर आतषबाजीच असते. जेथे उघडा जाळ असेल, तेथे फेसाळ जटा घालून नटाला पाठवू नये. आमच्या नाटकातले यज्ञकुंड आता तांबड्या दिव्याचे आणि रेशमी चिंध्यांचे असते, आणि त्याने रसभंग झाल्याची तक्रार अद्याप कोणी केलेली नाही.

जटांविषयी बोलताना आणखी एका भाराचे स्मरण होते. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात केसांत जट झाली म्हणजे ती देवीची खूण मानून कित्येक मुली यल्लम्मेला वाहिल्या गेल्या. मुंबई इलाख्यात १९३४ साली कायद्याने ही चाल बंद झाली, तरी जट कापल्यास कोप होईल हे भय उरलेच. अलीकडच्या काळात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन, समजूत घालून, शेकडो स्त्रियांच्या जटा उतरविल्या आहेत. वर्षानुवर्षे त्या ओझ्याने मान अवघडलेली, नीट झोपही न लागणारी बाई जट उतरल्यावर प्रथम मान फिरवून पाहते, असे ते सांगतात.

नाटकातल्या जटेचे बरे असते. पडदा पडला की ती खुंटीला लागते. उन्हापासून दूर, शंखजिरे लावून ट्रंकेत ठेवली, तर ती काही वर्षे टिकतेही. गेल्या खेपेस आमच्या नव्या वीरभद्राने प्रयोगानंतर टोपी काढून माझ्या हातात दिली, तेव्हा मी सवयीने त्याचे कपाळ पाहिले. वळ नव्हता. तो मान वळवून मागच्या मुलांशी हसत बोलत होता.